डाव्या बाजूचं रेडिएशन : श्वास रोखून घ्यायचं की साधं? नाशिककरांनो, माहिती द्या

मेघना_इंदिरानगर

मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

मावशीच्या (वय ६१, राहणार पंचवटी) डाव्या स्तनातली गाठ दिवाळीच्या आधी काढली. स्तन ठेवलाय, केमो आटोपली, आता रेडिएशनची १५ सिटिंग सांगितलीत. जिथे दाखवलंय तिथले डॉक्टर म्हणतात श्वास रोखून द्यायचं, त्याला डीआयबीएच म्हणतात, हृदयाला किरण कमी लागतात. त्याचे पॅकेजवर वेगळे पैसे. दुसरं मत घ्यायला गेलो तर तिथे उत्तर मिळालं, "काही गरज नाही हो, आम्ही साधंच देतो, आजवर कुणाची तक्रार नाही." आता आम्ही अधांतरी.

त्यात सरावाच्या दिवशी वेगळाच घोळ. मावशी वर्षानुवर्षं पहाटे उठून प्राणायाम करणारी. टेक्निशियन "श्वास घ्या, धरा" म्हणाला आणि हिने असा काही भरला की पडद्यावरची रेघ चौकटीच्या पार वर निघून गेली. तो म्हणाला, "काकू, एवढा नको." मग पुढचा फारच कमी, त्याच्या पुढचा परत जास्त. शेवटी घरी सराव करून या म्हणाला. रिक्षात बसल्यापासून मावशीचं एकच, "मला श्वास घ्यायला हा पोरगा शिकवणार?"

तर हे खरंच लागतं, की बिलात नवं कलम आहे? आणि लागत असेल तर मोठ्या माणसाला न दुखावता हे शिकवायचं कसं?

दिंडोरीकर

सरळ टाटाला जा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायची. आमच्या काकांचं सगळं परळलाच झालं.

सिन्नरचा_वारा

दिंडोरीकर, काकांचं केव्हा झालं ते सांगाल का? १५ सिटिंग म्हणजे शनिवार-रविवार सोडून तीन आठवडे रोज. एकसष्ट वर्षांच्या बाईने तेवढे दिवस मुंबईत खोली धरून राहायचं, की इथे रिक्षाने जाऊन दुपारच्या जेवणाला घरी यायचं? लिनॅक (रेडिएशन देणारी मशीनं) आता नाशिकमध्येही आहेत. मत घ्यायला टाटाला जरूर जावं. रोजच्या सिटिंगसाठी माणसाचे हाल कशाला?

किरण_मोजणारा

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, नाशिकमध्येच. कुठे ते विचारू नका आणि मेघनाताई, तुमची दोन हॉस्पिटलं कोणती तेही सांगू नका, म्हणजे मोकळं लिहिता येईल.

आधी आत काय होतं ते. स्तनाला किरण समोरून सरळ देत नाहीत. छातीच्या उताराला घासून जातील असे दोन बाजूंनी तिरपे देतात. त्या वाटेत बरगड्यांमागची फुप्फुसाची एक पट्टी येते आणि डावी बाजू असेल तर पुष्कळ जणींमध्ये हृदयाचा पुढचा काठही येतो. हृदयाला रक्त पुरवणारी पुढची डावी धमनी नेमकी त्याच काठावरून खाली उतरते. खोल श्वास घेतला की छातीची भिंत पुढे आणि वर जाते, पोटाचा पडदा (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) खाली जातो आणि हृदय त्याच्याबरोबर खाली-मागे सरकतं. मधल्या जागेत हवेने भरलेलं फुप्फुस येतं. तेवढ्या वेळात किरण सोडायचे, श्वास सुटायच्या आत थांबवायचे.

आता गरजेचं. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सारा डार्बी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या २,१६८ स्त्रियांची माहिती त्यात तपासली होती. हृदयाच्या सरासरी डोसमध्ये दर १ ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. अमुक डोसपर्यंत बिनघोर, अशी खालची मर्यादा सापडली नाही. वाढ पहिल्या ५ वर्षांतच दिसू लागते आणि २० वर्षांनंतरही चालू राहते. त्यामुळे "आजवर कुणाची तक्रार नाही" या वाक्याला मी फार किंमत देत नाही. पंधरा वर्षांनी छातीत दुखायला लागलं तर बाई रेडिएशनवाल्याकडे येतच नाही, ती हृदयाच्या डॉक्टरकडे जाते.

पण ७.४ वाचून घाबरू नका. हे टक्के मूळ धोक्यावरचे आहेत. शंभरातल्या ४ जणींना तसाही पुढे हा त्रास व्हायचा असेल, तर सरासरी ३ ग्रे डोसने त्या ४ च्या साधारण ४.९ होतात. मूळ धोकाच मोठा असेल, म्हणजे बीपी, शुगर, मिश्री लावायची सवय (हे डॉक्टरांना सांगा, बायका लपवतात), तर वाढही त्या मानाने मोठी.

डीआयबीएचने हृदयाचा सरासरी डोस बऱ्याच जणींमध्ये निम्म्याच्या आसपास उतरतो. काहींच्या छातीची ठेवणच अशी असते की साध्या श्वासातही हृदय वाटेत येत नाही. त्यांना उगाच श्वास रोखायला लावण्यात अर्थ नाही. म्हणून सीटी दोनदा काढायचा, एकदा साध्या श्वासात, एकदा रोखलेल्या श्वासात. दोन्हींवर प्लॅन (किरण कुठून आणि किती द्यायचे ते) करायचा, आकडे शेजारी ठेवायचे आणि मग ठरवायचं. तुम्ही दोन्हीकडे एकच विचारा : "साध्या श्वासात हृदयाचा सरासरी डोस किती येतोय?" न मोजता "लागतंच" म्हणणारा आणि न मोजता "लागत नाही" म्हणणारा, दोघेही मला सारखेच.

सडेतोड

फिजिसिस्टसाहेब, लेख छान. आता पैशाचं बोला. कॅमेरे, चष्मे, पडदे, सगळं परदेशी, त्याची वसुली पेशंटच्या खिशातून. आमच्या शेजाऱ्यांकडून एका ठिकाणी "ब्रीदिंग चार्जेस" म्हणून वेगळी रक्कम घेतली. श्वासाचे पैसे घ्यायची वेळ आली म्हणायचं.

किरण_मोजणारा

सडेतोड, संशय अगदीच अनाठायी नाही. ब्रिटनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात हार्टस्पेअर नावाचा अभ्यास झाला. एका बाजूला एबीसी, म्हणजे तोंडात नळी धरायची, नाकाला चिमटा, आणि ठरलेल्या पातळीला झडप बंद होऊन श्वास आपोआप अडकतो. दुसऱ्या बाजूला कसलंही यंत्र नाही, बाईने स्वतःच श्वास रोखायचा. छातीवर काढलेल्या खुणा आणि प्रकाशाच्या रेघा जुळतायत का हे टेक्निशियनने पाहायचं. अचूकता आणि हृदयाची बचत दोन्हींत सारखीच निघाली, आणि यंत्राविना पद्धत बायकांना जास्त सोयीची वाटली, खर्चही कमी. तेव्हा "आमच्याकडे यंत्रणा नाही म्हणून जमत नाही" हे पूर्ण खरं नाही.

तुम्ही म्हणता त्या कॅमेरा-पडद्याच्या यंत्राचा उपयोग असा की रेघ चौकटीबाहेर गेली रे गेली की मशीन बीम (किरणांचा झोत) स्वतःच तोडतं, कुणाच्या नजरेवर अवलंबून राहावं लागत नाही. वेळ मात्र दोन्ही पद्धतींत जास्त जातो. सराव, दोन सीटी, दोन प्लॅन, रोजची जास्तीची मिनिटं. बाहेर बाकांवर माणसं खोळंबलेली असतात. "गरज नाही"च्या मागे पुष्कळदा हीच रांग असते.

महात्मा फुले योजनेतून करत असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला सीटीच्या आधीच विचारा, हे काम पॅकेजमध्ये धरलंय की नाही. उत्तर तोंडी घेऊ नका.

निफाडची_लेक

माझं डाव्या बाजूचंच झालं, श्वास रोखून. त्यामुळे आतून कसं असतं ते सांगते.

श्वासापेक्षा हात जास्त छळतात. ब्रेस्ट बोर्ड नावाची उतरती फळी असते, तिच्यावर पडून दोन्ही हात डोक्याच्या वर खोबणीत टेकवायचे आणि तसंच राहायचं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर खांदा आखडलेला असतो. फिजिओने भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दिला होता, तो मावशींना आजपासून करायला लावा. हात वर राहिला नाही तर पुढचं सगळं अडतं.

मग बरगड्या संपतात तिथे एक छोटी प्लॅस्टिकची पेटी ठेवतात, वर चकाकणारे ठिपके. ती कुठे ठेवायची त्याची खूण अंगावर असते, रोज तिथेच. डोळ्यांवर चष्मा, त्यात एक पट्टी दिसते आणि वर एक चौकट. श्वास भरला की पट्टी चढते. ती चौकटीत नेऊन तिथेच थांबवायची. घरघर करत मशीनचं डोकं बाजूने येतं, थांबतं, मग बारीक टर्र आवाज सुरू होतो. तो आवाज म्हणजे बीम चालू. एका दमात सगळं होत नाही, वीसेक सेकंद धरायचं, सोडायचं, चार श्वास मोकळे घ्यायचे, परत. घाई कुणी करत नाही.

खोली फार गार असते. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते : वरचे कपडे काढावे लागतात, स्त्री टेक्निशियन हवी असेल तर पहिल्याच दिवशी मागा. मागता येते.

मेघना_इंदिरानगर

निफाडची_लेक, फार फार आभार. हाताचं खरंच कुणी बोललं नव्हतं. मावशीला वाचून दाखवलं, पहिलं वाक्य, "हां, ही बाई खरं सांगतेय."

बीम_ऑन

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे मावशींच्या भाषेत "हा पोरगा" 😀

आमच्याकडे प्राणायामवाल्यांची एक वेगळीच अडचण असते. छाती भरून घ्या म्हटलं तरी त्यांचं पोट फुगतं, कारण अंगवळणीच तसं पडलेलं असतं. पेटी पोटाजवळ असते, ती छान वर जाते, पडद्यावर सगळं सुरेख, पण छातीची भिंत पाहिजे तेवढी हललेलीच नसते. दुसरा प्रकार पाठ उचलण्याचा. माणूस मदत करायच्या भावनेने कमरेतून कमान करतो. छाती वर आलेली दिसते, हृदय मात्र जागच्या जागी. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी श्वास रोखलेला असतानाच मशीनवर फोटो घेतो आणि बरगडीची रेघ सीटीतल्या रेघेशी जुळवतो. पेटीवर एकटीवर विश्वास ठेवत नाही.

मावशींना घरी असं करायला सांगा. सतरंजीवर पाठ टेकून झोपायचं, उशी नको, हात वर. एक तळवा कुणीतरी कमरेखाली सरकवून ठेवायचा, श्वास घेताना कंबर त्याच्यावरून उचलली जायला नको. श्वास नाकाने, सावकाश, छातीत. पूर्ण भरायचा नाही. थांबायचं. समोरच्याने मोबाइलवर वीस सेकंद मोजायचे. मग सोडायचा. पहिला श्वास कसा आला याला महत्त्व नाही, पाचवा पहिल्यासारखाच आला पाहिजे.

सूचनांचंही सांगतो. मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतो. तो बंद करून आम्ही माइकवर मराठीत बोलतो, "श्वास घ्या... अजून थोडा... बस, धरा," आणि शेवटी "सोडा". कळवण-सटाण्याकडची आजी असली तर आमच्यातला एक जण अहिराणीत बोलतो, मग सगळं झटक्यात जमतं. ऐकू कमी येत असेल तर आधी सांगा, कारण मशीनवर कानातलं यंत्र काढून ठेवलं की सूचनाच पोचत नाहीत. तशा पेशंटला आम्ही फक्त चौकट दाखवून काम करतो.

योगिनी_पंचवटी

मी योगवर्ग घेते. बीम_ऑन म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, आणि आमच्या लोकांना ते पचवणं अवघड जातं. आमच्या वर्गात जास्त वेळ कुंभक (श्वास रोखणं) म्हणजे जास्त प्रगती असं मनात बसलेलं असतं. मेघना, मावशींना असं सांग की इथे ताकद दाखवायची नाहीये, श्वास ठराविक मापाला आणून थांबवायचाय, आणि ते नवशिक्याला जमणार नाही, तुलाच जमेल. खोटं अजिबात नाही ते. विभागीय श्वसन त्यांनी केलेलं असणार, त्यातला वक्षीय, म्हणजे छातीचा, श्वास फक्त घ्यायला सांग. बंध लावायचे नाहीत, गळा आवळायचा नाही.

किरण_मोजणारा

योगिनीताई, माप म्हणालात ते अगदी नेमकं. एबीसी यंत्रातसुद्धा झडप कमाल श्वासाला लावत नाहीत, साधारण ७५ टक्क्यांवर लावतात. ठासून भरलेला श्वास टिकत नाही, पंधराव्या सेकंदाला हळूहळू पाझरायला लागतो, रेघ घसरते. आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच भरता येईल याची खात्री नसते. सीटी ज्या श्वासात काढला, प्लॅन त्या श्वासाचा असतो. १५ ही दिवस तोच यायला हवा.

अंबड_टर्नर

थोडा वेगळा प्रश्न. मी सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर) काम करतो. वाचलं की मशीनच्या तोंडाशी धातूच्या पात्यांचा संच असतो, तो हलत हलत किरणांना आकार देतो. इकडे गाठ श्वासाबरोबर हलतेय. म्हणजे जॉबही हलतोय आणि टूलही हलतंय, दोघांचा मेळ कोण घालतो? आमच्याकडे असं झालं तर पीस स्क्रॅपमध्ये जाईल.

ओझरवाला

टर्नरभाऊंच्या प्रश्नाला जोडूनच. माझे बाबा ७३ वर्षांचे, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात २ सेंमीची गाठ. ऑपरेशन झेपणार नाही, बिडी सुटली तरी दमा राहिलाय. एसबीआरटी (थोड्याच सिटिंगमध्ये मोठा, नेमका डोस) सांगितलंय, ५ सिटिंग. परवा सीटीला नेलं तर पोटाला पट्टा बांधला आणि बराच वेळ स्कॅन चालला, फोर-डी म्हणाले. श्वास रोखायला मात्र सांगितलं नाही. इथे सगळे रोखायचं म्हणताहेत, मग बाबांचं काही राहून गेलंय का?

किरण_मोजणारा

ओझरवाला, काही राहिलेलं नाही. दम्याच्या माणसाला वीस सेकंद रोखायला लावणं म्हणजे त्याला टेबलावर घुसमटवणं. तिथे दुसरा मार्ग असतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी तोच घेतलेला दिसतो. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, तेव्हा लांबण लागली तर माफ करा.

आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे एक फेरा तीन ते पाच सेकंदांचा. साधा सीटी इतक्या झटपट होतो की गाठ त्या क्षणी जिथे असेल तिथे गोठलेली दिसते. वर असेल तर वर, खाली असेल तर खाली. त्या एका चित्रावर प्लॅन केला तर उरलेल्या वेळात गाठ किरणांच्या बाहेर जाऊन येत राहील. खालच्या भागातल्या गाठी पोटाच्या पडद्याच्या जवळ असल्याने जास्त हलतात, काही २ सेंमी किंवा त्याहून जास्त. वरच्या टोकाच्या गाठी पुष्कळदा जेमतेम हलतात. मला काही लोक विचारतात की सगळ्यांनाच सगळं का करत नाही. त्याचं कारण हेच. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २००६ साली टास्क ग्रुप ७६ चा अहवाल काढला, त्यात ५ मिमीची रेघ आखली आहे : कुठल्याही दिशेला गाठ त्याहून जास्त हलत असेल आणि पेशंटला सोसत असेल, तर श्वासाचा बंदोबस्त करा.

हलणं किती ते मोजायला फोर-डी सीटी. पोटावरचा पट्टा श्वासाची लाट नोंदवतो. टेबलाच्या प्रत्येक टप्प्यावर स्कॅनर अख्खा श्वास होईपर्यंत चित्रं घेतो. नंतर संगणक ती लाटेनुसार वेगळी करून बहुधा दहा गठ्ठे करतो, पूर्ण आत घेतलेल्या श्वासापासून पूर्ण सोडलेल्या श्वासापर्यंत आणि परत. दहा चित्रं एकापाठोपाठ फिरवली की गाठ वर-खाली जाताना डोळ्यांनी दिसते. बाबांचा स्कॅन लांबला तो यामुळे. स्कॅनचा डोसही साध्या सीटीच्या काही पट असतो, पण ज्याला पुढे उपचाराचे ५० ग्रे द्यायचेत त्याच्या बाबतीत तो नगण्य.

याची दुखरी नस म्हणजे वेडावाकडा श्वास. मधेच उसासा, मधेच खोकला आला की गठ्ठ्यांची सरमिसळ होते. पोटाच्या पडद्याची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, कधी एका गाठीच्या दोन अर्ध्या गाठी. तसा स्कॅन परत काढावा लागतो, तो तसाच पुढे ढकलणं धोक्याचं.

मग दहाही चित्रांतल्या गाठींची बेरीज करून एक लांबोडकी जागा आखतात, तिला आयटीव्ही म्हणतात. सगळ्या जागेला डोस द्यायचा, गाठ कुठेही असली तरी सापडतेच. श्वास मोकळा, पेशंट खूश. पण किंमत बघा. २ सेंमीची गोल गाठ साधारण ४ घन सेंमी असते. ती १५ मिमी वर-खाली झाली तर तिने व्यापलेली जागा जवळपास ९ घन सेंमी होते. म्हणजे गाठीएवढंच चांगलं फुप्फुस आणखी भाजायचं. गाठ ४ मिमी हलत असेल तर हा सौदा बरा, १५ मिमी हलत असेल तर महाग.

तिथे मग हलणंच कमी करतात. बरगड्यांच्या खाली एक पट्टी दाबून बसवतात, पोटाचा पडदा फार खाली उतरूच शकत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्कामध्ये लॅक्स आणि ब्लोमग्रेन यांनी १९९० च्या दशकात शरीरासाठीच्या स्टिरिओटॅक्टिक चौकटीत (पेशंटला नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात) ही दाबपट्टी वापरली, अजूनही चालते. पोटाचं नुकतं ऑपरेशन झालेल्याला किंवा पोटात पाणी झालेल्याला लावत नाहीत.

किंवा गेटिंग. श्वास मोकळा चालू ठेवायचा, पण बीम फक्त लाटेच्या ठराविक भागात सोडायचा. बहुतेक वेळा श्वास सुटल्यानंतरच्या टोकाला, कारण माणूस तिथे जास्त रेंगाळतो आणि ती जागा रोज सारखी असते. बीम निम्म्याहून जास्त वेळ बंदच राहतो, त्यामुळे सिटिंग लांबतं. हल्लीच्या मशीनमध्ये बीमच्या वाटेतला फिल्टर काढून किरण सोडायचा वेग वाढवता येतो, नेहमीच्या ६०० ऐवजी मिनिटाला १,४०० मॉनिटर युनिट (मशीनने सोडलेल्या किरणांचं माप), त्याने थोडी भरपाई होते.

टर्नरभाऊ, तुमचा प्रश्न आम्हालाही छळतो. पाती एका तालात, गाठ दुसऱ्या तालात, त्यामुळे गाठीच्या काही भागाला एखाद्या दिवशी जास्त आणि काही भागाला कमी मिळू शकतं. १५ किंवा २५ सिटिंग असतील तर रोज श्वास वेगळ्या ठिकाणी सुरू होतो आणि बेरजेत ते पुसलं जातं. ५ सिटिंगमध्ये पुसायला दिवसच कमी. म्हणून तिथे हलणं कमी करणं किंवा गेटिंग जास्त महत्त्वाचं, आणि पाती फार नाचवायची नाहीत असा प्लॅन आम्ही मुद्दाम करतो.

बीमनेच गाठीचा पाठलाग करायचा असंही होतं. सायबरनाइफ नावाच्या मशीनमध्ये रोबोचा हात आख्खं लिनॅक घेऊन श्वासाबरोबर हलतो. छातीवर लावलेल्या बारीक दिव्यांवरून श्वास सतत कळतो, अधूनमधून एक्स-रे काढून गाठ, किंवा तिच्याशेजारी बसवलेला सोन्याचा कण, नेमका कुठे आहे ते पाहतात आणि दोघांचं नातं जुळवतात. हात हलायला क्षणभर लागतो, म्हणून गाठ पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून आधीच हलावं लागतं. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात तर गाठीजवळ सोन्याचा बारीक मणी बसवून सेकंदाला ३० वेळा एक्स-रेने त्याच्यावर नजर ठेवायची आणि मणी ठरल्या जागी आला की बीम सोडायचा, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीसच करून दाखवलं.

अंबड_टर्नर

एक नंबर. सेन्सरचा उशीर, अंदाज बांधणं, आमच्या सर्वोसारखाच मामला निघाला. पण अंदाज चुकला तर? खोकला कुठे अंदाजात बसतो?

किरण_मोजणारा

नाही बसत. मोजलेलं आणि अंदाजलेलं यात ठरल्यापेक्षा जास्त अंतर पडलं की बीम बंद.

सडेतोड

मान्य, माहिती चोख आहे. पण पैशाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

मेघना_इंदिरानगर

दोन्हीकडे तो एक प्रश्न विचारला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "प्लॅन झाल्याशिवाय आकडा कसा देणार?" ते बरोबरच आहे, पण मग गरज नाही हे प्लॅनच्या आधी कसं ठरलं, यावर ते नुसते हसले. पहिल्या ठिकाणी दोन्ही सीटी काढून झाले. साध्या श्वासात ४.१ ग्रे, रोखून १.८. मावशीला बीपी आहे, त्यामुळे आम्ही रोखूनच करायचं ठरवलं. पैशाबद्दल घासाघीस केली, थोडे उतरले.

सरावाचं म्हणाल तर योगिनीताईंची मात्रा लागू पडली. मावसभाऊ रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन बसतो. मावशीचं म्हणणं, वीस सेकंदात काय होतंय, मी चाळीस धरीन, तुमचं काम लवकर आटपेल. हे चालेल का?

बीम_ऑन

नको नको. 😀 चाळीसच्या नादात तिसाव्या सेकंदाला छाती थरथरते, आम्हाला बीम तोडावा लागतो, वेळ उलट वाढतो. आणि पाचव्या-सहाव्या खेपेला त्या थकतात. वीसच, पण स्वस्थपणे.

ओझरवाला

किरण_मोजणारा, बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. गाठ ११ मिमी हलतेय, दाबपट्टी लावून ती ६ वर आली म्हणाले, त्या पट्टीतच परत फोर-डी काढला. तुमचं वाचलं नसतं तर हे विचारायचं सुचलंही नसतं.

एकच धाकधूक आहे. त्यांना मधूनच खोकल्याची उबळ येते. मशीनवर आली तर काय? ते घाबरून दाबून धरतील आणि अजूनच हलतील.

बीम_ऑन

दाबून धरायचं अजिबात नाही, हे त्यांना आजच सांगा. आम्ही बाहेर असलो तरी कॅमेऱ्यावर त्यांचा चेहरा दिसत असतो आणि खोलीतला आवाज ऐकू येतो. उबळ येतेय असं वाटलं की हाताची बोटं हलवायची, एवढी खूण पहिल्या दिवशी ठरवून घ्या. बीम लगेच थांबतो. आत येऊन पट्टी सैल करतो, खोकू देतो, पाणी देतो, परत बसवतो. त्यानंतर मशीनवरचा सीटी पुन्हा काढून गाठ जागेवर आहे हे बघूनच पुढे जातो. तो स्कॅन साधारण मिनिटभर चालतो, त्यात बाबांचे बारा-पंधरा श्वास होतात, त्यामुळे गाठ पुसट लांबट दिसते. ती आखलेल्या जागेच्या आत बसली की झालं. राहिलेला डोस जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो, वाया जात नाही आणि दुप्पटही होत नाही.

सकाळी कफ जास्त सुटत असेल तर अकरानंतरची वेळ मागून घ्या आणि पाचही दिवस तीच ठेवा. इन्हेलर सोबत आणा. खोकल्याचं औषध आणि इन्हेलरचा झुरका सिटिंगच्या किती आधी घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पोटाला पट्टी बसणार आहे, तेव्हा भरपेट जेवून आणू नका, चहा-बिस्कीट चालेल. आणि येताना बटणांचा शर्ट घाला म्हणावं, डोक्यातून काढायच्या बनियनमध्ये पट्टी बसवायच्या खुणा अंगावर शोधताना आमचीच तारांबळ उडते.